खोकी तुझ्याकडे राहू देत

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. एका फोनवर होण्यासारखं काम असताना ही बया पत्र कसली लिहिते, असं वहिनीला म्हणालाही असशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते. कागदाला मध्येच 'बरं बरं, ठेवतो आता' म्हणता येत नाही. परवा तू फोनवर जे मागितलंस त्याचं उत्तर शेवटी आहे, पण उडी मारून तिकडे जाऊ नकोस. क्रमाने वाच. आजवर मी तुझं सगळं क्रमानेच ऐकून घेतलंय.

आई मजेत आहे. व्यवस्थित जेवते, दुपारी झोपते, आणि मी कामावरून येईपर्यंत गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या गल्लीची सगळी खबर गोळा करून ठेवते. समोरच्या न्हाव्याशी तिचं इतकं जमलंय की तो गिऱ्हाईक खुर्चीत बसवून वर बघत तिच्याशी गप्पा मारतो. खोकला आहे, पण कमी. इथे खोकायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून फारसा येत नाही, असं तिचंच म्हणणं.

दुसरी बातमी म्हणजे माझ्याकडे स्पीकर आलेत. हसू नकोस. दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईला कान कुठून असणार, हे तुझं लाडकं वाक्य मला पाठ आहे. ते तू माझ्या देखत तुझ्या पाहुण्यांना ऐकवलंस आणि पाहुणे पोट धरून हसले, तेही माझ्या नीट लक्षात आहे. मी असल्या गोष्टी विसरत नाही, हे तुला एव्हाना ठाऊक असायला हवं होतं.

जुन्या घरातला बाबांचा तो कोपरा, त्यांनी स्वतः जोडलेल्या स्पीकरचा, आठवतो का तुला? तुला तो चुकीचा आठवतो, म्हणून विचारते. उजवं खोकं बाबांच्या खुर्चीकडे तोंड करून उभं असायचं आणि डावं मात्र वाकडं, पार दाराकडे बघत. तू कॉलेजात गेलास, चार पुस्तकं वाचून आलास आणि बाबांनाच शिकवायला लागलास, की दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण झाला पाहिजे, तिन्ही बाजू सारख्या. दोरी आणून मोजलंस, जमिनीवर खडूने खुणा केल्यास. बाबा 'हो का, असं का' म्हणत राहिले आणि तुझी पाठ वळताच त्यांनी पायाने ढकलून खोकं पुन्हा वाकडं केलं. तू त्याला बाबांचा अडाणीपणा म्हणायचास, अजूनही चारचौघांत कौतुकाने म्हणतोस. अरे, त्या दाराच्या पलीकडे स्वयंपाकघर होतं. तिथे ओट्याशी आई उभी असायची. खुर्चीत बाबा बसायचे, पण स्पीकर आईसाठी लावलेले असायचे. बाबा रेकॉर्ड लावून बटण फिरवायचे आणि आतून ती ओरडायची, "बाई नाकात गातेय हो!" की ते पुन्हा फिरवणार. "आता कशी समोर येऊन उभी राहिली," असं आतून आलं की मगच बाबा खुर्चीत टेकायचे. मी तिथेच जमिनीवर गृहपाठ करत असायचे, म्हणून मला हे सगळं दिसायचं. तू खडूच्या खुणेवर डोळे मिटून बसलेला असायचास.

बाबा गेले आणि तू स्पीकर आणि आई, दोन्ही एकाच टेम्पोतून घेऊन गेलास. स्पीकरना आईच्या रजया गुंडाळल्या होत्यास. आई पुढे ड्रायव्हरजवळ, मांडीवर रेकॉर्डची पेटी घेऊन. मी फाटकापाशी उभी होते. "तुझ्या दोन खोल्यांत कुठे मावणार," असं म्हणालास. ते तू आईबद्दल बोललास की स्पीकरबद्दल, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बाबांच्या आजारपणात रजा टाकून त्यांच्या उशाशी कोण बसलं होतं, हे त्या दिवशी तुला ऐकवायला हवं होतं. मी मूग गिळून गप्प बसले, आणि ते मूग मला अजून पचलेले नाहीत. तुझ्यावरचा राग मी फार जपून ठेवलाय, दादा. लपवायचं काही कारण नाही.

मग तू स्पीकरची सुधारणा काढलीस. खर्ज वाजवणाऱ्या वूफरच्या कागदी शंकूभोवती असते ती फोमची कडा वयाने कुजते, बोट लावलं की भुगा होतो, हे खरंच आहे. बाबांचीही कुजली होती. नवी कडा चिकटवून भागलं असतं. पण तुला डागडुजी नको होती, तुला अपग्रेड हवं होतं. जुने वूफर गेले, बारीक सुरांचे ट्वीटर गेले, आतला सर्किटचा बोर्ड गेला. त्यांच्या जागी चकचकीत शंकूंचे नवे आले, मनगटाएवढी जाड वायर आली, खाली टोकदार पितळी पाय आले. वरून लाकूड जुनंच, कापडी जाळी जुनीच, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला वाक्यही जुनंच: वडिलांचे स्पीकर, जसेच्या तसे.

मलाही ऐकायला बोलावलंस. खर्ज असा, की सोफ्यातून पोटात शिरत होता, आणि गाणारी बाई मात्र पिंपात उतरून गात होती. ती खोकी बाबांच्या वूफरच्या मापाने केलेली. आतली पोकळी त्यांच्यासाठी, परका वूफर त्यात घातला की तो घुमणारच. मी 'छान' म्हणाले. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "तुला फरक कळायचा नाही." कळला होता रे. पण मी त्या वेळी दुसरंच ऐकत होते. आतल्या खोलीच्या बंद दारामागून दाबलेला खोकला येत होता. रविवारी तुझी दर्दी मंडळी जमणार म्हणजे आई आत आणि दार बंद, हा तुमच्या घरचा नियम मला तोवर माहीत नव्हता. खर्जाने तिच्या कपाटाची काच थडथडते म्हणून तू ते कपाट खाली गाड्यांच्या शेडमध्ये नेऊन टाकलंस आणि तिचे कपडे पलंगाखाली पिशव्यांत कोंबलेस. खोकला आवरला नाही तर तोंडावर उशी धर, असंही सांगितलंस. हसत सांगितलंस म्हणे. आईनेही मला ते हसतच सांगितलं. मला हसू आलं नाही. तुझं उट्टं काढायचं हे मी त्या दिवशी घरी परत येताना ठरवलं.

रेडिओवाल्या काकांनी, म्हणजे ज्यांच्याकडून तू हे अपग्रेड करवून घेतलंस त्यांनी, काढलेले सगळे भाग दुकानात एका पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवले होते. ते मी घेऊन आले. मला कसं कळलं ते पुढे सांगते. कामाच्या टेबलावर, दातांच्या साच्यांशेजारी, बाबांचे दोन्ही वूफर उताणे पडलेले बघून मला आधी रडू आलं, मग तुझी आठवण झाली आणि रडू थांबलं. मेण कोरायच्या चाकूने कडेचा जुना गोंद खरवडून काढला. पहिला वूफर मी बिघडवला. शंकू केसभर तिरका चिकटला आणि आतली तारेची कॉईल घासून खरखर करायला लागली. सगळं सोडवून पुन्हा बसले. काकांनी सांगितलं तशी मधली टोपी ब्लेडने उघडली, कॉईलच्या भोवती कागदाच्या पट्ट्या खोचल्या म्हणजे ती हलणार नाही, मग कडा चिकटवून सभोवार कपड्यांचे चिमटे लावले. गोंद वाळल्यावर पट्ट्या काढल्या आणि दोन बोटांनी शंकू दाबला. आवाज न करता खाली गेला, वर आला. बोर्डवरचे सुकलेले कपॅसिटर तेवढे बदलले. बाकीचं सोल्डरिंग बाबांच्या हातचं होतं, जरा ओबडधोबड, ते तसंच ठेवलं.

खोकी मात्र नवी करावी लागली आणि त्यासाठी तुझ्याकडची मापं हवी होती. मी मध्ये एकदा सहज म्हणून आले होते ना, तू घरी नव्हतास. वहिनी चहा करायला आत गेली आणि बाहेर येऊन बघते तर मी स्पीकरला मिठी मारून उभी. "बाबांची आठवण आली," म्हणाले. वहिनीचे डोळे भरून आले. माझ्या मुठीत शिंप्याची टेप होती. फळीची जाडी वजा करून आतली पोकळी काढली आणि सुताराला कागद दिला. माझी खोकी दिसायला अगदीच साधी आहेत, पॉलिशसुद्धा केलेलं नाही. बघितलीस तर नाक मुरडशील.

हवापालट म्हणून तू आईला माझ्याकडे धाडलंस त्या दिवशी तिने आल्या आल्या पिशवी खाली ठेवली, सरळ जाऊन ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "लाव." रेकॉर्डही तिनेच आणली होती, पिशवीत तळाशी, टॉवेलात गुंडाळून. तुझ्या शेल्फावर त्या जागी नुसतं पाकीट आहे, हवं तर उठून बघ. काकांकडून आणलेल्या जुन्या प्लेअरवर मी रेकॉर्ड लावली. आतून हुकूम सुटायला लागले. "डावं वळव. अजून. अगं बास, मागे घे जरा." मी गुडघ्यांवर बसून खोकं सरकवतेय. मग हुकूमच बंद. आत जाऊन बघते तर नळ तसाच वाहतोय आणि ती ओट्याला टेकून ऐकतेय. गाताना बाई मध्येच श्वास घेते ना, तो स्पष्ट ऐकू येत होता. आई म्हणाली, "तुझ्या भावाकडे ही श्वासच घेत नव्हती."

आता तुझ्या रविवारच्या बैठकीविषयी. आमंत्रण मी वाचलं. बाबांच्या स्मरणार्थ, त्यांच्या मूळ स्पीकरवर, असं छापलंयस. रेडिओवाल्या काकांनाही दोन शब्द बोलायला बोलावलंयस, हे फार बरं केलंस. काका मला विचारत होते, "मी खोटं कसं बोलू? मी काय काय बदललं तेच सांगणार." मी म्हटलं, जरूर सांगा, एकेक भाग नाव घेऊन सांगा, आणि कुणी विचारलं की जुने कुठे गेले, तर माझा पत्ता द्या. आधी माझा बेत याहून वाईट होता. आपण होऊन यायचं, सगळ्यांच्या देखत ती कापडी जाळी ओढून काढायची आणि तुझं तोंड कसं होतं ते बघायचं. काय बोलायचं तेसुद्धा आरशासमोर घोकून ठेवलं होतं. आईने तो बेत मोडला. तुझी दया आली म्हणून मोडला, असं समजू नकोस. ती म्हणाली, "तू कशाला जातेस? तो माणूस बोलेल आणि ह्याला तिथे बसून सगळं ऐकावं लागेल. ऐकायची हौस आहे ना त्याला?"

तर तुझ्या फोनचं उत्तर. शनिवारपर्यंत आईला आणून सोड, तिला पहिल्या रांगेत बसवायचंय, ती बाबांविषयी दोन वाक्यं बोलेल, असं तू म्हणालास. मी तिला विचारलं. ती येणार नाही. शनिवारी नाही आणि त्यानंतरही नाही, ती आता इथेच राहणार. तिचं कपाट आणि कपडे पाठवून दे. कपाट मावेल, मी जागा करून ठेवली आहे. खोकी तुझ्याकडे राहू देत. धाकटीने आईचे कान भरले, असं तू जगभर सांगत सुटशील, म्हणून हे लिहून ठेवते. काका जुने वूफर घेऊन निघाले तेव्हा त्यांना जिन्यात गाठून "फेकू नका, माझी लेक न्यायला येईल," असं सांगणारी आई होती. मला फोन करून दुकानात पिटाळणारी तीच आणि मापं घेऊन ये म्हणणारीही तीच. हे पत्रसुद्धा तिनेच मला समोर बसवून लिहायला लावलंय. मी माझ्या मनाने खाली एक ओळ घातली होती, की वाटेल तेव्हा आईला भेटायला ये. वाचून दाखवली, तर तिने मला ती खोडायला लावली.

अजून तरी तुझीच,
धाकटी