विंचवाच्या विषासाठी थांबलेले बाबा

१४ जून

प्रिय दादा,

इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण तुझं पत्र समोर आहे आणि हात धजत नाही. वहिनीची पाठ आता कशी आहे?

तू विचारलंयस, "बाबांनी ऑपरेशनला नकार दिला तेव्हा तू घरात काय करत होतीस?" सांगते. आधी प्रयोगशाळेचं ऐक.

गेल्या आठवड्यात उंदरांवरच्या चाचणीचे निकाल आले. चार वर्षं मी विंचवांच्या नांगीला विजेचा हलका झटका देऊन विष गोळा करतेय. एका वेळी मिळतं किती, तर सुईच्या टोकावर मावेल एवढं. त्यातला एक घटक वेगळा काढून यकृताच्या कर्करोगाच्या पेशींवर टाकला, की काचेच्या बशीत त्या पेशी मरतात. पण उंदरांची गाठ आक्रसायला जेवढा डोस लागतो, तेवढ्यानं त्यांचं चांगलं यकृतही नासतं. अकरा उंदीर गेले. साहेब थंडपणे म्हणाले, "डोस बदला, पुन्हा करा." पुन्हा म्हणजे आणखी दोन वर्षं! मी हातमोजे ओढून काढले आणि टेबलावर आपटले. खरं तर चिडायचा मला हक्कच नाही. बशीतल्या पेशी काय, फिनाइलनंही मरतात. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बाबांना माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात पेपरात माझा फोटो छापून आला होता, "विंचवाचं विष कर्करोगावर गुणकारी" म्हणून. बाबांनी ते कात्रण दूधवाल्यालासुद्धा दाखवलं. "विंचवांशी खेळते" म्हणून माझी थट्टा करणारे आपले बाबा! महिन्याभरात त्यांच्याच यकृतात गाठ निघाली. सर्जन म्हणाले, एकच आहे, लगेच काढू. पुढचं तुला माहीत आहे. बाबा ऑपरेशनला गेलेच नाहीत, तू फोनवर त्यांना हट्टी, आडमुठे म्हणालास, त्यांनी फोन ठेवला आणि तुमचं बोलणं तुटलं.

दादा, बाबा हट्टी नव्हते. संमतीच्या कागदावर सही करायला निघायचं म्हणून त्या दुपारी ते शर्टाला इस्त्री करत होते. मध्येच इस्त्री उभी ठेवून म्हणाले, "तुझं औषध येईपर्यंत थांबलो तर चालेल का गं?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण आयुष्यात पहिल्यांदा ते मला काही विचारत होते, तेही माझ्या कामावर विश्वास ठेवून. मी म्हणाले, "बघू या दोन-तीन महिने." त्यांनी इस्त्री बंद केली. आणि तुला मी फोनवर सांगितलं, "काय करू, ऐकतच नाहीत."

आता गाठी तीन आहेत. एक रक्तवाहिनीत शिरलीय. ऑपरेशन होणार नाही म्हणतात. गोळ्या चालू आहेत, त्यामुळे तोंड येतं, जेवण जात नाही.

काल बाबांना सगळं सांगितलं, उंदरांचंही. मला वाटलं होतं, डोक्यावरून हात फिरवतील. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "तेव्हा का नाही बोललीस?" एवढंच म्हणाले.

आज सकाळी त्यांनी स्वतःच हाक मारली.

"दादाला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांग. सहा महिने तो माझ्यावर चिडून बसलाय. तो राग तुझ्या वाटणीचा आहे."

म्हणून हे पत्र. माफी मागत नाहीये, तेवढं तोंड राहिलेलं नाही. तू ये. जे बोलायचं ते मला बोल, अगदी दारातच बोल. आत गेलास की मात्र त्यांच्याजवळ नुसता बस. ते तुझी वाट बघतात, आणि हे तरी मी तुला वेळेवर सांगतेय.

म्हणू देशील तर,
तुझी धाकटी