गुळाचा पहिला खडा

मुंबईजवळ, माघ १९१४

अण्णा, तुझ्या पायावर यल्लाप्पाचं डोकं.

मी बरा हाय. आईचा गुडघा कसा हाय? कंग्राळीच्या रानातला मसूर निघाला का?

रेल्वेचा बोगदा काल फुटला, दोन वर्षं उशिरानं. डोंगराच्या या तोंडानं मी खणायचो, पलीकडनं आपला धाकटा भाऊ भरमा. विहिरीला पाणी लागल्यावर आपण गूळ वाटतो, तसं भोक पडलं की पहिला खडा एकमेकाच्या हातात द्यायचा, असं आमचं ठरलं होतं.

पुढचं आईसमोर वाचू नको. खर्च दुप्पट झाला म्हणून साहेबानं छताचे टेकू कमी केले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी छत भरमावर आलं. त्याला माती मीच दिली, आन् चार महिने तुमास्नी दोघांची खुशाली लिहीत राहिलो.

काल भोकातनं कुणाचा तरी हात आला. मी गूळ ठेवला. सगळं ठावं असूनबी, तुझ्या विळ्यानं वाकडं झालेलं भरमाचं बोट त्या हातात चाचपत राहिलो. त्या माणसानं हात मागं घेतला न्हाय.

आईला तूच सांग, अण्णा. माझ्याकडनं तिच्या पायाला हात लाव. भरमाकडनंबी लाव.

तुझा यल्लाप्पा