बाभळीच्या सालीचा ड्रम

३ फेब्रुवारी १९७६

बाभळीची साल! आमच्या डाय-हाऊसातली नवी केमिस्ट, जमीला. येऊन दोन महिने नाही झाले. ड्रममध्ये साल भरली, वरून रंगखात्याचं क्रोमवालं पिवळं पाणी सोडलं, खालून नितळ काढलं. सोड्याच्या पाण्यानं धुतली की तीच साल पुन्हा कामाला. मालक रुद्रप्पाशेठ सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मानसिंग, पोरगी लई हुशार हाय की!"

हेच पाणी साफ करायला माझी हिराकस-चुन्याची टाकी तीन वर्षं चालू आहे. शेठ बघायला एकदा तरी आले?

५ फेब्रुवारी

तीच साल पुन्हा वापरली. तरी पाणी नितळ! माझ्या टाकीतला गाळ उपसताना गडी शिव्या घालतात. आणि ही विचारते, "सर, तुमचं मत काय?" सर म्हणते — त्यानंच जास्त जळतं.

९ फेब्रुवारी

शेठनी तिला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. मी दारात उभा. "नंतर या."

१२ फेब्रुवारी

सापडलं! सालीतला सगळा विषारी क्रोम धुण्याच्या पाण्यात उतरतो. ते पिंपात साठवायला तिनं ड्रमवरच्या गड्याला, येडूला सांगितलं होतं. पिंपं भरली, तसा येडू मागच्या खड्ड्यात ओतायला लागला. खड्डा विहिरीला लागून! तिला पत्ताच नाही.

बोललो नाही. बुधवारी सरकारी साहेब तपासणीला येणार. त्यांच्यासमोरच उघडं पडू दे!

१४ फेब्रुवारी

येडूची बायको काशम्मा त्याच विहिरीवर घागर भरत होती. पाणी कसं आहे, विचारलं. "ग्वाड हाय की, सायेब."

जेवण गेलं नाही.

१६ फेब्रुवारी

राहवेना. सकाळी विहिरीचं पाणी काढलं, क्रोम तपासायचे थेंब टाकले — जांभळं! क्रोम उतरलाय. पळत जाऊन जमीलाला सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक. विहिरीपाशी जाऊन उभी राहिली, कुणाला घागर बुडवू दिली नाही. काशम्माला स्वतः दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा.

शेठना म्हणाली, "पिंपांवर लक्ष माझं हवं होतं. सरांमुळं कळलं, नाहीतर—"

शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. तीन वर्षांत पहिल्यांदा!

१७ फेब्रुवारी

शेठनी तिला काढलं. साहेब यायच्या आत. ड्रम आता माझ्याकडे. जाताना तिनं विचारलं, "सर, तुम्हाला कधी कळलं?"

"काल सकाळीच," मी म्हणालो.