ओट्याचे तीन फूट

३ नोव्हेंबर, सोमवार. डोंबिवली.
सुनंदाची साखर पुन्हा वाढली. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, गोळी वाढवत नाही. रोज पाऊण तास चाला." मी विचारलं, कुठे? ते हसले. मला हसू आलं नाही. गावात शाळा दीड कोस होती. कुणी त्याला व्यायाम म्हटलं नाही. रस्ता होता, चालत होतो. इथे बायकोला चालवायचं तर जागा शोधा.

५ नोव्हें.
दोघं गेलो. दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्या, विजेचा डबा, लावलेल्या बाइक. शेवटी आपल्या दत्तमंदिराचा ओटा. तिथे फूटपाथ संपतोच. रिक्षांच्या तोंडात उतरायचं. दहा मिनिटांत परत.
सुनंदा : "चालले कमी, थांबले जास्त."

१० नोव्हें.
पडली. ओट्याशी खाली उतरताना रिक्षाचा आरसा लागला. नडगी फुटली. रिक्षावाला म्हणे, "काका, ताईंना फूटपाथवरून न्या ना." तोंडात शिवी आली. समोर दत्त. गिळली.
डॉक्टरांनी चालणं बंद केलं. म्हणजे साखर वाढणार. म्हणजे जखम भरणार नाही. वा.

१३ नोव्हें., गुरुवार
पालिकेत गेलो. तरुण इंजिनिअर. नकाशा दाखवला. आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी सहा फुटी फूटपाथ. कागदावर सुनंदा आरामात चालते आहे.
"अडथळ्यांची यादी द्या काका. पण सगळी. आपला-परका नको."
घरी येऊन लिहिली. सात झाले. रागाने अक्षर मोठं आलं. आठ आकडा लिहिला आणि हात थांबला.
आरतीला बायका रस्त्यावर उभ्या राहतात, ओटा तीन फूट पुढे घेऊ, हे दोन वर्षांपूर्वी मीच म्हणालो. मापाची सुतळी मीच धरली. सेवा वाटली होती.

१६ नोव्हें.
शेजारचे पाटील, मंदिराचं तेच बघतात, यादी वाचून गेले. आठच्या पुढची कोरी जागा कशाची, ते त्यांनी ओळखलं.
"सात झकास. आठ तेवढा खोडा भाऊ. दत्तजयंती तोंडावर आलीय."
"सुनंदा पडली ती तिथेच."
"रिक्षाने पडल्या त्या."
दुकानदारही हेच म्हणतो. बाइकवालेही. परवापर्यंत मीही म्हणालो असतो, याचाच जास्त संताप.
सुनंदा आतून ऐकत होती. नंतर म्हणाली, "महाराज उंबराखाली मातीत होते, तेव्हा काही अडलं होतं का हो त्यांचं? ओटा आपल्याला लागला."

२७ नोव्हें., गुरुवार
जखम भरत आली. डॉक्टर म्हणाले, चाला, जपून.
संध्याकाळी आरतीला एकटा गेलो. ओट्यावर चढलो नाही. ती पडली तिथे, रस्त्यावर उभा राहिलो. मागून हॉर्न. हात जोडलेले, पण डोळे मिटायची हिंमत होईना. पाटील वरून खुणावत होते, या, या, जागा आहे.
घरी आलो तर सुनंदा कॅनव्हासचे बूट घालून दारात बसलेली. यादी देवघराच्या खणात, आठच्या पुढे कोरी.
"चला," म्हणाली.
"कुठून?"
"ते तुम्ही सांगा."