वर घातलेले दोन बोंबील

लाडक्या आये,

तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊन तीन पावसाळेही झाले. तरी आज लिहायला बसले. काल जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

तुझी तन्वी, आपल्या महेशची लेक. तुझ्या टोपलीशेजारी बसून गिऱ्हाइकांना "ताजी हाय, ताजी हाय" म्हणायची, आठवतं? ती बारावी झाली! तिला समुद्राचंच शिकायचंय. परदेशातल्या एका कॉलेजचा अर्ज भरायला काल ती माझ्याकडे बोळिंजला आली होती. घरी अर्नाळ्याला नेट सारखं जातं ना.

अर्ज भरून होत आला आणि शेवटी एक प्रश्न उरला. अर्जात न आलेलं आणखी काही आम्हाला सांगावंसं वाटतं का? शेजारी लिहिलेलं : ऐच्छिक.

"आत्या, हे नाही लिहिलं तरी चालतं."

"मग सोड की," मी म्हटलं. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर नेहमी सांगत, विचारलंय तेवढंच लिहा, जादा कोणी तपासत नाही. इतक्या वर्षांनीही तेच तोंडातून निघालं बघ!

"तसंही सांगण्यासारखं काय आहे आपल्याकडे? आजी मासे विकायची, हे लिहू? उगाच सिम्पथी मागतेय असं वाटेल त्यांना."

आये, मला लागलं गं ते.

तेवढ्यात खालून दमयंतीची हाक आली. तुझ्या हाताखाली तयार झालेली दमी आता आमच्या गेटवर टोपली घेऊन येते. "सगळं एकदा वाचून बघ, मग पाठव," असं तन्वीला सांगून मी खाली गेले. बोंबलांचा एक वाटा घेतला. दमीनं पिशवीत आणखी दोन टाकले.

"अगो, मी मागितले कुठे?"

"मांगल्यावर घातला तं तो वर कसला? तुझी आयच बोलायची नं?"

खरंच, तू हेच बोलायचीस! घासाघीस करून "वर दोन घाल" म्हणणाऱ्या बाईला तू साफ नाही म्हणायचीस, आणि मुकाट्यानं पैसे देऊन निघालेलीला हाक मारून परत बोलवायचीस. घरी मात्र आम्हाला तुकड्या मोजून! विसरले नाहीये मी.

आणि शेवटी तुझ्या पोटात दुखायला लागलं तेव्हा? डॉक्टरांनी विचारलं तेवढंच सांगितलंस. आजार उशिरा कळला म्हणून आम्ही चिडलो तर म्हणालीस, "तुमी इचारला नाय, मी सांगला नाय." साऱ्या गावाला न मागता देणारी तू, तिथंच का गं हात आखडलास?

लिफ्टची वाट न बघता मी जिना चढले. पिशवी ठिबकतेय, गुडघे ओरडतायत.

"तन्वी, बटण दाबू नको! ते लिही!"

"अगं आत्या, लादी बघ काय केलीस! आणि लिहू काय?"

मी तिला दमीचं सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "आत्या, शेवटी शेवटी आजी वर मासे नाही घालायची. घरची सुकट घालायची, मूठभर. आठवतं?"

मला नव्हतं आठवत, आये. तिला होतं!

मग ती लिहीत बसली. झाल्यावर मला मराठीत सांगितलं. आजीच्या टोपलीतली मासळी वर्षागणिक कमी होत गेली. वर घालायलाही उरेना. ती मासळी कुठे गेली, हे शोधायला मला तुमच्याकडे यायचंय.

बोंबील तसेच ओट्यावर राहिले.

"आता नाही मिळालं तरी चालेल," असं म्हणत तिनं बटण दाबलं. खोटं बोलत होती. दाबल्या दाबल्या निकालाची तारीख शोधायला लागली.

निकाल यायला वेळ आहे. जागा मिळाली तर पोरगी लांब जाईल, नाही मिळाली तर रडेल. काहीही झालं तरी मी तिच्या पाठीशी असेन. आणि तुला शब्द देते, आये : माझं कुठं दुखलंखुपलं तर तुझ्यासारखी गप्प बसणार नाही. कोणी विचारायची वाट न बघता तन्वीला सांगेन. तेवढं वर घालीन.

तुझी,
बेबी