तिसरी ओंजळ

३ ऑगस्ट, रविवार. फ्लॅट बुश, ऑकलंड

पोचलो एकदाचे! विमानतळावर यशोधन आम्हाला घ्यायला आला होता, हातात सिद्धीसाठी जॅन्डल्स. जॅन्डल्स म्हणजे आपल्या रबरी चपला. इथल्या ऑगस्टच्या ऐन थंडीत रबरी चपला घेऊन येणारा बाप जगात एकच असेल. सिद्धीने त्या तिथेच मोज्यांवरून चढवल्या आणि ऐटीत चालायला लागली.

दीड वर्ष हा इथे एकटा राहिला. मी पुण्यात नोकरी, सासऱ्यांचं आजारपण, मग त्यांचं जाणं, सगळं एकटीने निभावलं. आता नोकरी सोडून आलेय. पण आज तक्रार नाही. घर छान आहे, चार खोल्या, मागे लाकडी डेक, त्याला काचेचं मोठं सरकतं दार. स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली, आत उभं राहून फुगडी घालता येईल एवढी. गल्लीतली सगळी घरं सारखी दिसतात, तेव्हा हरवू नये म्हणून आमच्या पत्रपेटीवर सिद्धीने फुलपाखरू चिकटवलंय.

जेवणघराच्या भिंतीवर मोठा कागद गुंडाळून टांगलाय. सरप्राइज आहे म्हणाला.

१० ऑगस्ट, रविवार

सरप्राइज कळलं. वंशावळ!

नवरा पेनरोजच्या एका गोदामाची कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळतो. संध्याकाळी घरी येऊन वरणभात लावायचा आणि मग काय करायचं, म्हणून याने डीएनए चाचणीसाठी नळीत थुंकून ती अमेरिकेला पाठवली. तिकडून निकाल आला. मग एका वेबसाइटवर लिस्बनचा कोणीतरी दूरचा भाऊ भेटला. त्याच्या मदतीने हा कोकणातल्या आपल्या खापरपणजोबांवरून रेवदंड्याच्या एका पोर्तुगीज कप्तानावर चढला, कप्तानावरून त्याच्या बापजाद्यांवर, आणि थेट बाराव्या शतकात बरगंडीच्या गोतिए नावाच्या सरदारापाशी जाऊन बसला. घरात सगळ्यांचे डोळे घारे का, त्याचं उत्तर मिळालं म्हणे.

गोतिएचं शौर्य त्याने मला दोनदा ऐकवलं. शत्रूने किल्ल्याला वेढा घातला, धान्य संपत आलं. तेव्हा या शूरवीराने लढायला निरुपयोगी तोंडं बाहेर काढली. म्हणजे बायका, पोरी, म्हाताऱ्या. स्वतःची बायको आणि लेकीसुद्धा. शत्रूनेही त्यांना पलीकडे जाऊ दिलं नाही. भिंत आणि वेढा यांच्यामधल्या खंदकात त्या गवत खात मेल्या. किल्ला मात्र वाचला. यशोधन हे सांगताना अंगावर काटा आल्यासारखं करत होता, अभिमानाने. याचे खरे आजोबा शाळामास्तर होते, भावाची तीन अनाथ मुलं त्यांनी आपल्या ताटातलं वाढून मोठी केली. त्यांच्याबद्दल हा कधी एक वाक्य बोलला नाही.

तक्त्यावर पुरुषांची नावं सोनेरी शाईत आहेत. बायकांच्या चौकटींत जागोजागी ‘अज्ञात’. माझी चौकटही आहे, यशोधनच्या शेजारी, आणि ती रिकामी. हयात माणसांची नावं वेबसाइट लपवते असं तो म्हणाला. त्याचं स्वतःचं नाव मात्र चांगलं ठळक आहे. तोही हयातच आहे, माझ्या हातची पोळी खातो. सिद्धीला चौकटच नाही. यशोधनच्या खाली नुसती एक आडवी रेघ. मुलगा नाही ना, मग घराणं तिथे संपतं.

मी, सुमेधा, तीन मजली इमारतींची गणितं करणारी बाई, आज आयुष्यात पहिल्यांदा भांडं आपटलं.

७ सप्टेंबर, रविवार

आज इथला फादर्स डे आणि उद्यापासून आपला पितृपक्ष. बापांची चांगलीच चंगळ आहे.

सिद्धीने शाळेत कार्ड बनवलं होतं. त्याने ते फोनवर बोलता बोलता घेतलं आणि त्यावरच चहाचा कप ठेवला. तिला बघून मला भडभडून आलं. तीही आता माझ्याशी इंग्रजीत बोलते. मी मराठीत विचारते, ती ‘येह्, स्वीट ॲज’, म्हणजे इथल्या भाषेत ‘मस्तच’, म्हणून पळते.

फोन पुण्याच्या देवव्रत गुरुजींना होता. सर्वपित्रीला तर्पण करायचंय, आणि याला सगळ्या पिढ्यांना पाणी द्यायचंय, गोतिएपर्यंत. गुरुजी नाही म्हणाले. बाप, आजोबा, पणजोबा, एवढ्यांचीच नावं घ्यायची. मी म्हटलं, निदान धर्माचं तरी ऐक. तर म्हणे गुरुजींना इतिहास कळत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या

सकाळी डेकवर पाट मांडला. काळे तीळ, दर्भ, पाणी. टॅबलेटवर गुरुजी. वडील, आजोबा, पणजोबा झाले. गुरुजी हात जोडत होते आणि याने पुढची ओंजळ भरली.

गुरुजी एकदम म्हणाले, “यशोधन, थांबा. पुढचे वाटेला लागलेले असतात. त्यांना मागे फिरवू नका.”

याने टॅबलेटचा आवाज बंद केला. गुरुजींचे ओठ हलत होते, हात हलत होते. हा एकेक नाव घेत वर वर जात राहिला. शेवटी गोतिएचं नाव घेऊन पाणी सोडलं तेव्हा ते लाकडावरून ओघळलं नाही. तिथेच जिरलं, जशी तहानलेली माती पिते तसं.

कावळ्याचं पान ठेवलं. ऑकलंडला कावळे नाहीत, ते याच्या ध्यानात नव्हतं. कुंपणावर साळुंक्या रोज कलकलाट करतात, आज एकही नव्हती. आम्ही आत येऊन जेवायला बसलो. नंतर पाहिलं तर पानातली खीर, वडे, भात सगळं गेलेलं. केळीचं पानसुद्धा अर्धं खाल्लेलं. कडेला दातांचे व्रण होते. माणसाच्या दातांचे.

यशोधन म्हणाला, पितरांना पावलं.

२४ सप्टेंबर

तो कामावर जात नाही. कोठीच्या खोलीला कुलूप लावलंय. किल्ली गळ्यात. मी विचारलं तर म्हणाला, हिवाळा यायचाय. बाहेर वसंत सुरू आहे, समोरच्या कोव्हायच्या झाडाला पिवळी फुलं लागलीत, आणि हा माणूस मला हिवाळा सांगतो.

मी इतकी ओरडले की शेजारची बाई खिडकीत आली. त्याच्यावर परिणाम शून्य. तो माझ्याकडे बघत होता, पण आपण दुकानात वांगं निवडताना बघतो तसं.

सिद्धीला सुट्टी आहे. तिच्या ताटातला भात त्याने उचलून परत भांड्यात टाकला.

२५ सप्टेंबर

दूध आणायला सिद्धीला घेऊन कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले. परत आलो तर पुढचं दार, मागचं दार, गराज, सगळं बंद. पाऊस सुरू झाला. मी काचेवर थापा मारल्या. तो आत उभा होता.

काचेमागून म्हणाला, “आतल्यांपुरतंच आहे.”

आवाज त्याचाच होता. बोलण्याची ढब त्याची नव्हती. संध्याकाळी दार उघडलं आणि विचारतो कसा, कुठे गेला होतात, भिजलात की. त्याला खरंच आठवत नव्हतं. मी त्याच्या तोंडावर टॉवेल फेकला. राग येतो तोवर बरं असतं, भीती जवळ येत नाही.

२६ सप्टेंबर

उद्या निघायचं. रिकार्टनला माझी मैत्रीण वल्लरी आहे, तिने या म्हटलंय. विमानाची तिकिटं काढली. पण पासपोर्ट, गाडीची किल्ली, माझं पाकीट, सगळं कोठीत. कुलूप तुटत नाही.

अंघोळीला गेले तेवढ्यात त्याने सिद्धीला बाहेर काढलं. डेकवर, अनवाणी. ओठ निळे पडले होते. मी खुर्चीने काच फोडायला निघाले तेव्हा दार सरकलं. पोरीला छातीशी धरलं. ती रडत नव्हती. कुंपणाकडे बोट दाखवून म्हणाली, “मम्, दोज लेडीज आर हीप्स स्किनी. दे सेड वेट विथ अस.”

कुंपणाशी हडकुळ्या बायकाच काय, कोणीच नव्हतं. तिथलं गवत मात्र मुळापासून उपटलेलं. खाल्लेलं.

म्हणजे खंदकातल्या त्यापण आल्यात. याने गोतिएला बोलावलं आणि त्याच्यामागून त्या आल्या. आणि इथेही त्या बाहेरच.

२७ सप्टेंबर, शनिवार

पहाटे त्याने आम्हा दोघींना बाहेर काढलं. अंगावरच्या कपड्यांनिशी. फोन आत, ही वही तेवढी हातात. शेजारणीचं दार वाजवलं, तिने घेतलं, चहा दिला, पोलिसांना फोन केला. पोलीस आले तर हा हसतमुखाने दारात. ‘किया ओरा’ म्हणून इथला माओरी नमस्कार केला. घरगुती कुरबुर म्हणाला. ते गेले. आणि सिद्धी माझ्या हातातून सुटून आपल्या जॅन्डल्स आणायला आत पळाली. दार बंद झालं.

ती आत. खिडकीत दिसते. तो तिला कोठीकडे नेतोय —

पोलीस परत येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. मी ठरवलं. त्याचे पूर्वज येतात तर माझेही येतील.

बायकांनी तर्पण करायचं नसतं म्हणे. बरं. शेजारणीकडून तीळ मागितले, पांढरेच मिळाले. तिच्या फोनवरून अनिरुद्धमामाला पुण्यात उठवलं. माझी गेलेली आई नीता, तिची आई शकु, आणि शकुआजीची आई? तिचं नाव काय? मामाला आपल्या बापाकडचे नऊ पुरुष पाठ आहेत, गोत्रासकट. पणजीचं नाव? म्हणाला, आम्ही तिला माई म्हणायचो. लग्नानंतर काय ठेवलं होतं कोण जाणे. आणि माहेरचं कोण विचारतं.

नऊशे वर्षांपूर्वीचा खुनी नावानिशी माहीत. माझी पणजी नाही.

बागेतल्या नळाशी बसले. पहिली ओंजळ नीता. दुसरी शकु. तिसरीला नाव नव्हतं.

मी मोठ्याने म्हणाले, “जिचं नाव कुणीच ठेवलं नाही, तिने यावं. जितक्या असाल तितक्यांनी या.”

पाणी खाली पडलंच नाही. खूप हात होते खाली.

आतून यशोधन किंचाळला. तो त्याचा आवाज नव्हता. मग होता.

२८ सप्टेंबर

दारं उघडी. कुलूप गळून पडलंय. यशोधन रडतो, पाया पडतो, त्याला गोतिए कोण तेच आठवत नाही. पोरगी धडधाकट आहे, बिस्किटं खातेय. मी त्याला माफ करणार नाही. पण झोप लागली. उद्या जाऊ.

घरात ओल्या पावलांचे ठसे. पुसले. परत.

तक्त्यावरची सोनेरी नावं विरली आहेत. गंमत म्हणजे एका ‘अज्ञात’वर नवीन नाव उमटलंय. नीता. कोण होती कुणास ठाऊक. नाव गोड आहे.

२९ सप्टेंबर

मामाचा मेसेज. आईचा फोटो पाठवलाय. चेहरा ओळखला. नाव — आईच म्हणायचे ना मी तिला. नाव कशाला लागतं.

लागतं. आठवत नाही.

तक्त्यावर आणखी एक. सुमेधा. यशोधनला विचारलं ही कोण. तो म्हणाला, अगं, मला काय माहीत. बारा वर्षं अगंच म्हणतोय मला. आजवर कधी खटकलं नव्हतं. विमानाच्या नव्या तिकिटावर काय लिहायचं, ते —

संध्याकाळी

कळलं. त्यांना पाणी नको होतं.

मी जेवणघरात उभी राहून ओरडले. बायांनो, मी तुमची आहे. मीच बोलावलं. त्याचं नाव घ्या ना, यशोधनचं घ्या, त्या राक्षसाचं घ्या! पुरुषांची नावं त्यांना नकोत. नऊशे वर्षं तीच ऐकत आल्यात.

‘अज्ञात’ची एकच चौकट उरलीय. सगळ्यात लहान. खंदकात मेलेली गोतिएची धाकटी लेक.

त्यात ‘सि’ उमटलंय.

मागची पानं उलटली. लिहिलंय मी, पानापानावर. वाचते तोवर कळतं, मान वर केली की —

पुन्हा वाचलं. गेलं.

ती दारात आलीय. ओली आहे. कितीतरी दिवसांनी मराठीत बोलली. विचारतेय, “आई, माझं नाव काय गं?”

सांगते. थांब, रडू नको. मीच ठेवलं होतं, बाराव्या दिवशी, तुझ्या कानात. सांगते. तुझं नाव —