चिंचेने घासलेली नाणी

प्रिय आई,

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवून घे. चहाची गाळणी सापडत नाही. तू नागपूरला परत गेल्याला पाच आठवडे झाले, आणि तेव्हापासून या घरातले दोन उच्चशिक्षित, करदाते प्रौढ चहापत्ती दातांनी गाळत आहेत. सीमा म्हणाली, नवी आण. मी नकार दिला. काही प्रश्न तत्त्वाचे असतात. फोनवरच विचारलं असतं, पण माझा फोन आला की तू ‘नीट ऐकू येत नाही रे’ म्हणून तो शोभनाताईच्या हातात देतेस. अमेरिकेतून नागपूरला सगळ्या जगाचे आवाज पोचतात, माझ्या एकट्याचाच फाटतो. म्हणून कागद. कागदाला रेंज लागत नाही.

ओटिसभाऊ बरे आहेत. आमच्या कॉलनीच्या मागे राहणाऱ्या, एक्याऐंशी वर्षांच्या, सव्वासहा फुटी कृष्णवर्णीय गृहस्थाला पहिल्याच दिवशी भाऊ करून टाकणारी तूच. मी इथे बावीस वर्षं आहे, मला त्यांचं आडनाव यंदा कळलं. तू मात्र थालीपीठ घेऊन गेलीस आणि तासाभराने त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घेऊन आलीस. एकमेकांच्या भाषेतले वीस शब्द येत नसताना हे कसं जमलं, याचा तपास अजून चालू आहे.

माझं ते धातू शोधायचं यंत्र सध्या गराजमध्ये पडलंय. पन्नाशीचे मराठी पुरुष इथे एकतर महागडी सायकल घेतात, नाहीतर ढोल-ताशा पथकात जातात. मी कानाला हेडफोन लावून, जमिनीवर काठी फिरवत, कोल्ड्रिंकच्या डब्यांची झाकणं गोळा करायचो. तू म्हणायचीस, यासाठी इंजिनिअर केला का तुला. मग ऑगस्टमधल्या त्या रविवारी, ओटिसभाऊंच्या घरामागच्या झाडीत, एका ओक वृक्षाच्या मुळाशी यंत्र वेगळंच वाजलं. वीतभर खाली तांब्याची तीन नाणी. आपल्या रुपयापेक्षा मोठी, हिरवीकाळी. एकाला वरच्या कडेला भोक.

पुढचं तुला माहीत आहे, असं मी धरून चाललो होतो. पण महत्त्वाचं बोलणं सगळं इंग्रजीत झालं आणि ते मी तुला कधी धड सांगितलंच नाही. म्हणून आता सांगतो.

त्या झाडीतून डेटा सेंटरचा रस्ता काढायचा प्रस्ताव आहे. तुला ज्या खिडक्या नसलेल्या इमारती दिसायच्या, ‘एवढं मोठं गोदाम आणि एक माणूस नाही’ म्हणायचीस, त्यातलीच आणखी एक. ओटिसभाऊंचं म्हणणं, त्या झाडीत त्यांच्या खापरपणजीची झोपडी होती. ती गुलाम होती. गुलामांच्या झोपड्या नकाशात कोण दाखवणार? त्यांच्याजवळ फक्त आजीने सांगितलेलं होतं, आणि आजीचं सांगणं काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीच्या, फाइलला लावता येत नाही. तिथे लोक राहत होते असं काही हाताला लागलं, तर रस्ता वळवता आला असता. मला खणायची परवानगी त्यांनी त्यासाठीच दिली होती. अट एकच. ती त्यांनी मला दोनदा सांगितली: जे सापडेल ते मातीसकट ठेव, पुसूसुद्धा नकोस, आधी मला दाखव.

चार दिवसांनी काउंटीच्या पुरातत्त्व खात्याच्या बाई ओटिसभाऊंसोबत आपल्या डायनिंग टेबलाशी बसल्या होत्या, तेव्हा समोर होती देवघरातल्या ताम्हणासारखी लखलखीत तीन नाणी. १८०२ हा आकडा लांबून वाचता येत होता. बाईंनी भोकाचं नाणं बराच वेळ भिंगाखाली धरलं. म्हणाल्या, अशी नाणी गुलामांच्या घरांतली माणसं गळ्यात, पायात बांधायची, मुलांच्याही. तांब्याच्या गंजात दोरा दोन-दोनशे वर्षं टिकतो. दोरा असता, माती असती, तर बोलता आलं असतं. आता हे नाणं बाजारात विकत मिळतं तसं एक नाणं आहे. ओटिसभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, ‘माय मदर क्लीन्ड देम. शी डिडन्ट नो.’

तू ओट्याशी उभी होतीस. तुला इंग्रजी येत नाही, हे मी माझ्या सोयीने ठरवलेलं. ‘मदर’ कळायला कॉलेज लागत नाही. तू पदराला हात पुसत आलीस, ओटिसभाऊंपुढे हात जोडलेस आणि ‘सॉरी’ म्हणालीस. तुझ्या तोंडून तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आठवड्याभरात तुझे गुडघे थंडीने दुखायला लागले, ऑगस्टमध्ये, आणि तू तिकीट दीड महिना अलीकडे घेतलंस. मी एअरपोर्टवर गुडघ्याचं तेल विकत घेऊन दिलं. इतका मी चतुर.

आई, त्या रविवारी संध्याकाळी नाणी तुझ्या हातात देऊन चिंच आणि मीठ लाव असं सांगणारा मी होतो. मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता आणि हिरव्या गंजात साल दिसत नव्हतं. तू भोकात बोट फिरवून म्हणालीस, ‘यात दोरा आहे रे. दृष्टीचा असणार, तुझ्याही कमरेला असाच पैसा होता. कुणाच्या तरी लेकराचा आहे, राहू दे.’ आणि मी म्हणालो, ‘काढून टाक, फोटोत घाण दिसते.’ तू पुन्हा अडवलंस. मी पुन्हा तेच सांगितलं. फोटोला चौऱ्याऐंशी अंगठे मिळाले.

परवा ओटिसभाऊंकडे गेलो आणि हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मला खुर्ची दिली नाही, ‘जा’ही म्हणाले नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, दोऱ्याचा रंग कोणता होता? मला माहीत नव्हता. मी बघितलाच नव्हता. तुला आठवत असेल तर कळव. ते वाट बघतायत. चौदा तारखेला सुनावणी आहे. तिथे वाचायला मी एक निवेदन लिहिलंय, सहीनिशी. त्याने रस्ता वळेल असं बाईंना वाटत नाही. त्याची प्रत सोबत पाठवतोय. इंग्रजीतच आहे, पण तिसऱ्या ओळीखाली पेन्सिलीने मराठी लिहिलंय: ‘माझ्या आईने दोरा ओळखला होता. तिने मला दोनदा थांबवलं.’

तुझाच,
देवदत्त